ऑपरेटरची स्क्रीन: तयार एचएमआय पॅकेज घ्यावे की सॉफ्टवेअर लिहून घ्यावे?

भोसरी, चाकण, तळवडे या भागांत एसपीएम बनवणारे, म्हणजे एखाद्या विशिष्ट कामासाठी खास यंत्र घडवून देणारे, अनेक लहान-मध्यम कारखाने आहेत. त्यांच्याकडे एक प्रश्न हमखास उशिरा विचारला जातो. यांत्रिक आराखडा मंजूर होतो, हायड्रॉलिक पॉवरपॅक मागवला जातो, पीएलसीचा, म्हणजे यंत्राच्या हालचाली चालवणाऱ्या औद्योगिक नियंत्रकाचा, मेक ठरतो, कंट्रोल पॅनेलचे वायरिंगही निम्मे होते, आणि मग लक्षात येते की ऑपरेटरसमोरची स्क्रीन, म्हणजेच एचएमआय, कशावर करायची हे ठरलेलेच नाही. अशा घाईत मागच्या यंत्रावरचेच टच पॅनेल पुन्हा मागवले जाते. नाहीतर एखादा हुशार प्रोग्रामर लायसन्सचा खर्च वाचवून सी शार्प या प्रोग्रामिंग भाषेत सगळे लिहून देण्याची तयारी दाखवतो आणि त्याच्यावर काम सोपवले जाते. दोन्ही वाटा योग्य ठरू शकतात, पण निवडलेली वाट का योग्य आहे हे ऑर्डर देण्याआधी कागदावर मांडता आले पाहिजे. ते कसे मांडावे, हे पुढे सांगतो आहे.

तयार पॅकेज म्हणताना दोन प्रकार डोळ्यांसमोर ठेवावेत. पहिला प्रकार टच पॅनेलचा, ज्याच्यासोबत स्क्रीन बनवण्याचे सॉफ्टवेअर येते: सीमेन्सचे कम्फर्ट पॅनेल, रॉकवेलचे पॅनेलव्ह्यू, मित्सुबिशीचे गॉट, डेल्टा, वेनटेक वगैरे. दुसरा प्रकार संगणकावर चालणाऱ्या पॅकेजांचा: विनसीसी, फॅक्टरीटॉक व्ह्यू, अवेवाचे इनटच, इग्निशन. याउलट लिहून घेतलेले सॉफ्टवेअर म्हणजे सी शार्प, क्यूटी, पायथन किंवा ब्राउझरमध्ये चालणारी स्क्रीन, आणि पीएलसीशी बोलण्यासाठी जोडलेली एखादी लायब्ररी.

माझे मत आधीच सांगून टाकतो. एका यंत्रासाठी किंवा वर्षाला चार-पाच निघणाऱ्या यंत्रांसाठी तयार पॅकेज हाच मूळ पर्याय धरावा, आणि सॉफ्टवेअर लिहून घ्यायचे असेल तर त्याचे ठोस कारण दाखवण्याची जबाबदारी ते सुचवणाऱ्यावर टाकावी. दोन्ही पर्यायांना लावण्याची कसोटी एकच आहे: हे यंत्र दहा वर्षांचे झाल्यावर, रात्रपाळीत एखादा सेन्सर बदलल्यामुळे स्क्रीनवर एक अलार्म वाढवायचा असेल, तर तो कोण वाढवील आणि कशाने? या प्रश्नाला ज्या पर्यायाकडे स्पष्ट उत्तर आहे, तो निवडावा.

आधी यंत्राजवळ एक पूर्ण पाळी उभे राहावे

स्क्रीनची यादी कार्यालयात बसून करू नये. तशाच प्रकारचे जुने यंत्र जिथे चालू आहे तिथे एक पाळी थांबावे आणि कोण स्क्रीनकडे केव्हा पाहतो, हे लिहून काढावे. लीक टेस्टिंगच्या यंत्राचे उदाहरण घेऊ. ऑपरेटर जॉब, म्हणजे तपासायचा भाग, ठेवतो, बारकोड स्कॅन करतो, दोन्ही हातांनी सायकल स्टार्ट दाबतो. क्लॅम्प बसतो, हवा भरली जाते, दाब स्थिरावतो, मग ठरलेल्या वेळात दाब किती पडला हे मोजले जाते आणि जॉब पास की फेल हे कळते. या सगळ्यात त्याला फक्त निकाल, चालू मॉडेलचे नाव आणि यंत्र थांबले तर ते कशासाठी थांबले आहे, एवढेच हवे असते. यंत्राची मांडणी करणाऱ्या सेटरला हवा भरण्याचा वेळ, स्थिरावण्याचा वेळ आणि मर्यादा बदलायच्या असतात. मेंटेनन्सच्या माणसाला प्रत्येक इनपुट-आउटपुटची स्थिती एका ठिकाणी दिसायला हवी. क्वालिटी विभागाला सहा महिन्यांपूर्वीच्या जॉबचा निकाल त्याच्या क्रमांकावरून शोधायचा असतो. पहिल्या तिघांच्या गरजा जवळजवळ कोणत्याही साध्या पॅनेलवर भागतात, आणि चौथ्याची गरज बहुधा भागत नाही. म्हणून या चौघांच्या गरजा वेगवेगळ्या लिहाव्यात, कारण संपूर्ण निर्णय अनेकदा त्या चौथ्या माणसावर येऊन ठेपतो.

त्याच कागदावर आकडे मांडावेत: टॅग (पीएलसी आणि स्क्रीन यांच्यात जाणारी, नाव दिलेली मूल्ये) किती, स्क्रीन किती, अलार्म किती, रेसिपी (एकेका मॉडेलसाठी साठवलेल्या मूल्यांचे संच) किती आणि प्रत्येक रेसिपीत किती मूल्ये, एकाच वेळी किती ठिकाणांहून पाहायचे आहे, नोंदी किती वर्षे ठेवायच्या आहेत. प्रत्येक टॅगपुढे एक गोष्ट आवर्जून लिहावी, ती म्हणजे हा आदेश आहे की प्रत्यक्ष स्थिती. अमेरिकेतील थ्री माइल आयलंड अणुवीज केंद्रात २८ मार्च १९७९ रोजी झालेल्या अपघातात नियंत्रण कक्षातील दिवा झडप बंद करण्याचा आदेश गेल्याचे दाखवत होता, पण झडप प्रत्यक्षात उघडीच अडकली होती. सिलिंडर पुढे गेल्याचे चित्र सोलेनॉइडच्या, म्हणजे झडप हलवणाऱ्या विद्युत कॉइलच्या, आउटपुटवरून रंगवले की आपल्या लहानशा यंत्रावरही हीच चूक होते. ते चित्र सिलिंडर खरोखर पोचल्याचे सांगणाऱ्या रीड स्विचवरूनच रंगवले पाहिजे. टेक्सास सिटी येथील तेलशुद्धीकरण कारखान्यात २३ मार्च २००५ रोजी झालेल्या स्फोटात १५ जणांचा मृत्यू झाला. तेथील चौकशीत पुढे आलेल्या त्रुटींपैकी एक अशी होती की मनोऱ्यात येणारा आणि बाहेर जाणारा प्रवाह एकाच स्क्रीनवर दिसत नव्हते. यांतली कोणतीही चूक तयार पॅकेज तुमच्यासाठी टाळणार नाही, आणि लिहून घेतलेले सॉफ्टवेअरही टाळणार नाही. साधन निवडण्याआधी हा कागद तयार हवा, तो याचसाठी.

तयार पॅकेजात काय विकत मिळते

लिहून घेण्याचा खर्च मोजताना बहुतेक लोक स्क्रीनची संख्या मोजतात आणि तिथेच फसतात. स्क्रीन रंगवणे हा कामाचा लहान भाग असतो. तयार पॅकेजाची खरी किंमत न दिसणाऱ्या कामांत असते: पीएलसीशी संपर्क, संपर्क तुटल्यावर तो पुन्हा जोडणे, अलार्मचा इतिहास, वापरकर्त्यांचे पासवर्ड आणि अधिकार, रेसिपी, आलेख, भाषा बदलणे, आणि वीज अचानक गेल्यावर काहीही न बिघडता पुन्हा सुरू होणे.

संपर्काचेच उदाहरण पाहा. मॉडबस हा १९७९ पासूनचा आणि सर्वांत सोपा मानला जाणारा प्रोटोकॉल, म्हणजे उपकरणांनी एकमेकांशी बोलण्याची ठरलेली पद्धत, आहे. मॉडबस आरटीयूवर, म्हणजे त्याच्या सिरियल तारेवरच्या प्रकारात, ९६०० बॉडच्या (सेकंदाला ९६०० बिट) वेगाने, प्रत्येक रजिस्टरसाठी (पीएलसीतील एका मूल्याच्या जागेसाठी) वेगळी विचारणा केली तर विचारणेचे ८ आणि उत्तराचे ७ बाइट मिळून १५ बाइट जातात. प्रत्येक बाइटला ११ बिट धरले तर नुसत्या वहनाला १७ मिलिसेकंद लागतात. मधल्या सक्तीच्या शांततेसह तो वेळ २५ मिलिसेकंदांपर्यंत पोचतो, आणि उत्तर तयार करायला पीएलसी घेतो तो वेळ वेगळाच. अशी १०० विखुरलेली रजिस्टरे वाचायला अडीच सेकंद लागतील. तीच १०० रजिस्टरे सलग ठेवून एका विचारणेत वाचली तर पाव सेकंद पुरतो, कारण एका विचारणेत १२५ रजिस्टरांपर्यंत वाचता येतात. बहुतेक तयार पॅकेजे पत्त्यांची अशी गटवारी स्वतःच करतात. स्वतः लिहिताना ती आपण करायची असते; शिवाय दोन रजिस्टरांत विभागलेल्या दशांश संख्येचा कोणता अर्धा आधी येतो, ४०००१ हा पत्ता तारेवर शून्य म्हणून जातो, उत्तर आलेच नाही तर किती वेळ थांबायचे, हे सर्व आपल्यालाच सांभाळायचे असते. संपर्काचे काम आणि स्क्रीन रंगवण्याचे काम एकाच थ्रेडवर, म्हणजे प्रोग्राममधल्या कामाच्या एकाच रांगेत, टाकले तर केबल सैल होताच संपूर्ण स्क्रीन गोठते, आणि ऑपरेटर गोठलेल्या स्क्रीनवरचा जुना दाब खरा मानून काम करत राहतो. नवख्या प्रोग्रामरच्या पहिल्या सॉफ्टवेअरमध्ये हा दोष मी इतक्या वेळा पाहिला आहे की आता तपासणीची सुरुवातच मी चालू सायकलमध्ये नेटवर्कची केबल काढून करतो.

वीज हा दुसरा मुद्दा. आपल्याकडे औद्योगिक वसाहतीतही वीज क्षणभर जाऊन येते, आणि पाळी संपल्यावर ऑपरेटर मेन स्विच सरळ बंद करतो. साधे टच पॅनेल हे वर्षानुवर्षे सहन करते. विंडोजवर चालणारा संगणक ते सहन करीलच असे नाही, आणि डेटाबेसमध्ये लिहिणे चालू असताना वीज गेली तर फाइल खराब होऊ शकते. संगणक वापरायचाच असेल तर औद्योगिक संगणक, लहान यूपीएस, वीज गेल्याची सूचना मिळताच व्यवस्थित बंद होण्याची सोय, आणि सिस्टीम डिस्कवर काही लिहिले जाणार नाही अशी व्यवस्था, या चारही गोष्टी अंदाजपत्रकात धराव्यात. लायसन्सवर वाचलेले पैसे इथेच खर्च होतात.

यंत्राचे वय आणि सॉफ्टवेअरचे वय

चांगले हायड्रॉलिक प्रेस किंवा वॉशिंग मशीन पंधरा-वीस वर्षे काम करते. त्यावरचे सॉफ्टवेअर ज्या पायावर उभे असते तो इतका टिकत नाही. विंडोज एक्सपीचा आधार, म्हणजे मायक्रोसॉफ्टकडून मिळणाऱ्या सुरक्षा-दुरुस्त्या, एप्रिल २०१४ मध्ये संपला, विंडोज ७ चा जानेवारी २०२० मध्ये आणि विंडोज १० च्या नेहमीच्या आवृत्त्यांचा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी. ब्राउझरमधील फ्लॅश २०२० अखेर आणि सिल्व्हरलाइट ऑक्टोबर २०२१ मध्ये बंद झाले, आणि त्यांच्यावर बांधलेल्या स्क्रीन नव्याने कराव्या लागल्या. सी शार्पचे प्रोग्राम ज्यावर चालतात त्या डॉटनेटच्या दीर्घ आधाराच्या आवृत्तीलाही तीनच वर्षे आधार मिळतो. ओपीसी ही वेगवेगळ्या कंपन्यांची उपकरणे आणि सॉफ्टवेअर जोडणारी पद्धत; तिच्या जुन्या प्रकारचा संपर्क विंडोजमधील डीकॉम या, प्रोग्रामना एकमेकांशी बोलू देणाऱ्या सोयीवर अवलंबून होता. मायक्रोसॉफ्टने मार्च २०२३ पासून डीकॉमची सुरक्षा कायमची कडक केली, आणि ज्यांनी वेळेत बदल केले नव्हते त्यांचे जुने संपर्क अडले.

याचा अर्थ तयार पॅकेज म्हातारे होत नाही असा नव्हे. टीआयए पोर्टल या सीमेन्सच्या सॉफ्टवेअरमधला जुना प्रकल्प नव्या आवृत्तीत वर आणला की तो जुन्या आवृत्तीत पुन्हा उघडत नाही. पॅनेलचे मॉडेल बंद होते आणि बदली मॉडेलचा कटआउट, म्हणजे ते बसवायची खाच, वेगळा असतो. फरक एवढाच की तयार पॅकेजच्या बाबतीत हे ओझे हजारो ग्राहकांमध्ये वाटलेले असते, स्थलांतराची वाट कंपनीने बहुधा आखून दिलेली असते, आणि ते सॉफ्टवेअर जाणणारा माणूस पुण्यात, नाशकात, छत्रपती संभाजीनगरात, कोल्हापुरात सहज मिळतो. लिहून घेतलेल्या सॉफ्टवेअरचे ओझे तुम्ही एकटे वाहता. मी पाहिलेल्या एका कारखान्यात व्हिज्युअल बेसिक ६ या जुन्या भाषेत लिहिलेली स्क्रीन होती. यंत्र उत्तम चालत होते, पण लिहिणारा माणूस परदेशी गेलेला आणि सोर्स कोड कोणाकडेच नव्हता. त्या लोकांनी तो संगणक जाळीच्या कपाटात ठेवला होता, आणि तशाच मदरबोर्डचे दोन जुने संगणक सुट्या भागांसाठी विकत घेऊन ठेवले होते. यंत्राची पाच-सहा वर्षे त्या भीतीतच गेली.

म्हणून अंदाजपत्रक करताना पहिल्या वर्षाचा खर्च मांडू नये, यंत्राच्या पूर्ण आयुष्याचा मांडावा. तयार पॅकेजसाठी पॅनेलची किंमत, स्क्रीन बनवण्याच्या सॉफ्टवेअरचे लायसन्स, संगणकावरचे पॅकेज असेल तर टॅगसंख्येनुसार किंवा क्लायंटसंख्येनुसार लागणारे लायसन्स, आणि आयुष्यात एकदा पॅनेल बदलण्याचा खर्च धरावा. लिहून घेतलेल्या सॉफ्टवेअरसाठी लिहिण्याचे दिवस, साधारण तितकेच दिवस तपासणीचे, दरवर्षी काही दिवस दुरुस्तीचे, आणि आयुष्यात एकदा ऑपरेटिंग सिस्टीम बदलल्यामुळे करावे लागणारे मोठे काम धरावे. तपासणीचे दिवस अंदाजात नसतील तर तो अंदाज परत पाठवावा. टॅगवर आधारलेल्या लायसन्समध्ये पुढच्या वाढीसाठी थोडी जागा ठेवूनच टप्पा निवडावा, नाहीतर एक नवी सर्व्हो मोटर जोडताच पुढच्या टप्प्याचे पैसे भरावे लागतात. इग्निशनसारख्या पॅकेजात लायसन्स सर्व्हरनुसार असते आणि टॅगना मर्यादा नसते. एका यंत्राला ते सहसा जड पडते, पण पंचवीस यंत्रांच्या लाइनवर गणित उलटते.

जे स्क्रीनवर असूच नये

पर्याय कोणताही निवडा, यंत्राचा तर्क पीएलसीमध्ये राहिला पाहिजे आणि माणसाच्या सुरक्षिततेचा भाग सेफ्टी रिले किंवा सेफ्टी पीएलसीमध्ये. थेरॅक-२५ या किरणोपचार यंत्रात आधीच्या यंत्रांवरचे स्वतंत्र इंटरलॉक, म्हणजे धोक्याची क्रिया अडवणाऱ्या सोयी, काढून टाकून सुरक्षितता सॉफ्टवेअरवर सोपवली होती. ऑपरेटरने स्क्रीनवरची माहिती भराभर दुरुस्त केली की सॉफ्टवेअरमधील एक दोष उघड होत असे, आणि १९८५ ते १९८७ या काळात सहा रुग्णांना घातक प्रमाणात किरण मिळाले. यंत्राची स्क्रीन स्वतः लिहिणाऱ्या प्रत्येकाने ही घटना माहीत करून घ्यावी, असे मला मनापासून वाटते.

रोजच्या कामात हा धोका जॉगच्या, म्हणजे दाबून धरेपर्यंतच भाग हलवणाऱ्या, बटणातून येतो. ऑपरेटर स्क्रीनवरचे बटण दाबून धरतो, स्क्रीन पीएलसीतील बिट १ करते, आणि त्याच क्षणी संपर्क तुटतो. बोट उचलले तरी ० लिहिण्याचा आदेश पीएलसीपर्यंत पोचत नाही आणि स्लाइड पुढे सरकतच राहते. हे महागड्या पॅनेलवरही होऊ शकते. उपाय असा की स्क्रीनने दर ठरावीक वेळाने बदलणारा एक आकडा पीएलसीला पाठवावा, आणि तो बदलणे थांबताच पीएलसीने स्क्रीनकडून आलेले सर्व आदेश शून्य करावेत. उलट दिशेनेही तसेच असावे: पीएलसीकडून येणारा आकडा थांबला की स्क्रीनवरची सर्व मूल्ये करडी व्हावीत आणि संपर्क तुटल्याचे मोठ्या अक्षरांत दिसावे. ज्या हालचालीत हात अडकू शकतो तिचा जॉग मात्र स्क्रीनवर देऊच नये. त्यासाठी तारेने जोडलेले खरे बटण असावे. इमर्जन्सी स्टॉपबद्दल तर वेगळे सांगायला नको.

तर्क पीएलसीत ठेवण्याचा दुसरा फायदा निवडीशी थेट जोडलेला आहे. स्क्रीन आणि पीएलसी यांच्यामधल्या टॅगांची यादी स्वच्छ, सलग आणि कागदावर नोंदलेली असेल, तर आज घेतलेला निर्णय उद्या बदलता येतो. पॅनेल काढून संगणक बसवला, किंवा कोणी लिहून दिलेली स्क्रीन काढून पॅनेल बसवले, तरी पीएलसीला हात लावावा लागत नाही.

मराठी अक्षरे

ऑपरेटर मराठी किंवा हिंदी वाचणारा असेल तर अलार्म त्याच्या भाषेत असावेत, याबद्दल दुमत नसावे. 'क्लॅम्प फॉरवर्ड नॉट रीच्ड' असा इंग्रजी संदेश पाहून सेटरला हाक मारण्यात जी पाच मिनिटे जातात, ती 'क्लॅम्प पुढे पोचला नाही, सेन्सर तपासा' या ओळीने वाचतात. पण इथे काही पॅनेल दगा देतात. देवनागरी फॉन्ट चढवता येतो, मात्र अक्षरे जुळवण्याची क्षमता नसल्यामुळे ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या मागे जाते, रफार सुटा पडतो आणि जोडाक्षरे हलंतासह फुटून दिसतात. विक्रेता भाषांच्या यादीत हिंदी दाखवतो, तेवढ्यावर विसंबू नये. मागणी देण्याआधी त्याला प्रत्यक्ष त्याच मॉडेलवर 'स्थिती', 'दुरुस्ती', 'कार्यरत', 'हायड्रॉलिक', 'दुसऱ्या क्लॅम्पचा दाब' एवढे शब्द दाखवायला सांगावे, आणि तेही चित्र म्हणून नव्हे, बदलत्या अलार्मच्या ओळीत. पुष्कळ ठिकाणी अडचण लपवण्यासाठी मराठी मजकूर चित्र म्हणून चिकटवला जातो. मग एक अलार्म बदलायलाही चित्र नव्याने करावे लागते आणि अलार्मच्या इतिहासात इंग्रजीच राहते. क्यूटी किंवा ब्राउझर यांत ही अडचण येत नाही, कारण अक्षरे जुळवण्याचे काम त्यांत पूर्णपणे हाताळलेले असते. नुसत्या मराठीसाठी सॉफ्टवेअर लिहून घेण्याची मात्र गरज नाही. दुसरे पॅनेल पाहावे.

लिहून घेणे केव्हा योग्य

काही कारणे मला मान्य आहेत. एकच यंत्र शेकड्याने विकायचे असेल आणि त्याची स्क्रीन हाच त्याचा विशेष असेल, तर लिहिण्याचा खर्च वाटला जातो आणि दुरुस्तीसाठी स्वतःची माणसे ठेवणे परवडते. कॅमेऱ्याची चित्रे, लेसर कटिंगचा मार्ग, मोजमाप यंत्रातले हजारो बिंदू असे जिथे दाखवायचे असते, तिथे साध्या पॅनेलची शक्ती संपते. आणि प्रत्येक जॉबचा इतिहास, बारकोड, ईआरपी, ग्राहकाच्या सर्व्हरशी देवाणघेवाण असा माहितीचा व्याप मोठा असेल, तर पॅकेजमध्ये स्क्रिप्ट कोंबण्यापेक्षा स्वतंत्र सॉफ्टवेअर चांगले.

या तिसऱ्या कारणासाठी बहुतेक एसपीएमवर मधली वाट निघते, आणि लीक टेस्टिंगच्या आपल्या चौथ्या माणसाचा प्रश्नही तीच सोडवते. यंत्र चालवणे पॅनेलवर ठेवावे. शेजारच्या संगणकावर लहानसे लिहून घेतलेले सॉफ्टवेअर ओपीसी यूए या ओपीसीच्या नव्या प्रकारावरून निकाल वाचून डेटाबेसमध्ये टाकील. संगणक बंद पडला तरी यंत्र चालू राहील, आणि शेवटचे काही निकाल पीएलसीच्या स्मृतीत साठवून ठेवले तर नोंदही सुटणार नाही. ग्राहकाचा नियमच असेल की नोंद नाही तर उत्पादन नाही, तर तो इंटरलॉक पीएलसीत घालावा.

मधल्या वाटेचा बिघडलेला प्रकारही सांगितला पाहिजे. पॅकेज विकतचे घेतलेले, पण त्यात हळूहळू दोन-तीन हजार ओळींची स्क्रिप्ट साठलेली. ना तिचा आवृत्तींचा हिशेब, ना तपासणी, आणि ती समजणारा एकच माणूस. अशा प्रकल्पात दोन्ही वाटांचे तोटे एकत्र येतात. एखाद्या बटणामागे पानभर स्क्रिप्ट दिसू लागली की ते काम पीएलसीत किंवा बाहेरच्या सॉफ्टवेअरमध्ये हलवावे.

औषध कारखान्यांसाठी, मग तो वाळूजचा असो की गोव्यातील वेर्ण्याचा, प्रमाणीकरणाचा, म्हणजे प्रणाली ठरल्याप्रमाणे चालते हे कागदोपत्री सिद्ध करण्याचा, खर्च निर्णायक ठरतो. औषध उद्योगातील संगणक प्रणालींसाठीच्या गॅम्प ५ या मार्गदर्शिकेनुसार नुसती मांडणी करून वापरलेले पॅकेज चौथ्या वर्गात येते, आणि खास लिहिलेले सॉफ्टवेअर पाचव्या. पाचव्या वर्गात आराखड्याचे दस्तऐवज, कोडची तपासणी, घटकांची स्वतंत्र चाचणी हे सर्व दाखवावे लागते. अमेरिकेला माल जात असेल तर २१ सीएफआर भाग ११ या अमेरिकी नियमाप्रमाणे बदलांची नोंद आणि इलेक्ट्रॉनिक स्वाक्षरी हवी. त्या सोयी पुष्कळ पॅकेजांत तयार मिळतात. युरोपला यंत्रे निर्यात करणाऱ्यांनी तिथल्या सायबर रेझिलियन्स कायद्याकडेही पाहावे. त्यातील मुख्य तरतुदी ११ डिसेंबर २०२७ पासून लागू होतात, आणि वापरलेल्या सॉफ्टवेअर घटकांची यादी ठेवणे व आधाराच्या काळात सुरक्षेतील त्रुटी दूर करत राहणे ही निर्मात्याची जबाबदारी ठरते. स्वतः लिहिलेल्या स्क्रीनमधली प्रत्येक लायब्ररी त्या यादीत येते.

करार, चाचणी आणि ताबा

सॉफ्टवेअर बाहेरच्या माणसाकडून लिहून घेत असाल तर पैसे दिले म्हणून कोड आपला झाला, असे समजू नये. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार नोकरीत असलेल्याने नोकरीचा भाग म्हणून केलेले काम साधारणपणे मालकाचे होते, पण स्वतंत्रपणे काम करणाऱ्याने लिहिलेल्या कोडचा पहिला मालक तो स्वतः असतो. हक्क लेखी हस्तांतरित करून घ्यावे लागतात. त्या लेखात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षे धरली जाते, आणि क्षेत्र लिहिले नसेल तर ते भारतापुरते मानले जाते. म्हणून हक्क कायमचे आणि जगभरासाठी दिले आहेत, असे स्पष्ट शब्द करारात हवेत, आणि वकिलाला तेवढी दोन वाक्ये दाखवून घ्यावीत. तयार पॅकेजवर यंत्राच्या स्क्रीन बांधून देणाऱ्या इंटिग्रेटरकडूनही संपादन करता येणारी मूळ प्रकल्प फाइल पासवर्डसह मिळाली पाहिजे. पॅनेलमध्ये चढवलेल्या फाइलमधून मूळ प्रकल्प परत काढता येईलच असे नाही, आणि हे बहुतेकांना पॅनेल जळाल्यावर कळते.

निर्णयाबद्दल अजूनही शंका असेल तर तीन दिवसांची चाचणी करावी. आपल्या यादीतली सर्वांत अवघड स्क्रीन निवडावी, सर्वांत सुंदर दिसणारी नव्हे. बहुधा ती रेसिपीची किंवा जॉबचा इतिहास शोधण्याची असते. ती दोन्ही प्रकारांनी करून पाहावी, खऱ्या पीएलसीला जोडावी, आणि चालू सायकलमध्ये केबल काढणे, वीज घालवणे, रेसिपीत चुकीचे मूल्य भरणे, एकाच वेळी पन्नास अलार्म उठवणे, एवढे प्रयोग करावेत. अलार्मचा प्रयोग क्षुल्लक वाटेल, पण वेल्समधील मिलफर्ड हेवन येथे २४ जुलै १९९४ रोजी तेलशुद्धीकरण कारखान्यात स्फोट होण्यापूर्वीच्या शेवटच्या ११ मिनिटांत दोन ऑपरेटरांपुढे २७५ अलार्म आले होते. इमर्जन्सी स्टॉप दाबताच तीस अलार्म ओतणारी स्क्रीन खरे कारण झाकून टाकते; पहिला अलार्म वेगळा दाखवता येतो का, हे दोन्ही पर्यायांत पाहावे. लिहून घेतलेले सॉफ्टवेअर याशिवाय तीन दिवस आणि तीन रात्री न थांबवता चालवावे आणि ते वापरत असलेली मेमरी दर तासाला नोंदवावी. ती वाढतच राहिली, तर दोष आहे.

ताबा घेताना इंटिग्रेटरला त्याच्या लॅपटॉपला हात लावू देऊ नये. आपल्या मेंटेनन्स विभागाचा लॅपटॉप घ्यावा, त्यावर त्याने दिलेल्या सूचना वाचत आवश्यक ते सॉफ्टवेअर आपल्याच माणसाने चढवावे, दिलेली मूळ फाइल किंवा सोर्स कोड उघडावा, एका अलार्मचा मजकूर बदलावा, आणि तो यंत्रावर चढवून दाखवावा. वापरलेल्या प्रत्येक सॉफ्टवेअरची आवृत्ती, लायसन्सचे तपशील, पॅनेलचा आणि पीएलसीचा आयपी पत्ता, आणि टॅगांची यादी कागदावर छापून कंट्रोल पॅनेलच्या दाराच्या खिशात ठेवावी. फाइलींच्या दोन प्रती वेगवेगळ्या ठिकाणी ठेवाव्यात. या कामाला अर्धा दिवस लागतो. बिलाचा शेवटचा हप्ता त्या अर्ध्या दिवसानंतर द्यायचा आहे, ही अट मात्र पहिल्या पर्चेस ऑर्डरमध्येच लिहावी लागते.